कात टाकणारी विमाने

पनवेल सोडून मुंबई-गोवा महामार्गाने दहा-बारा किलोमीटर गेले की कर्नाळ्याचा बेसॉल्टचा सुळका दिसू लागतो. किल्ल्याभोवतीचे रान १९६८ मध्ये पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. मुंबई-पनवेलकडच्या शाळांच्या सहली येथे नेहमी येतात. सहलीत मुलांना जमिनीवर पडलेली पिसे सापडतात आणि एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "पक्ष्याला काही झाले का?" काही झालेले नसते. वापराने झिजलेली, उन्हाने विटलेली पिसे पक्षी बहुधा वर्षातून एकदा टाकून देतो आणि त्या जागी नवी येतात. घारीसारखा पक्षी उड्डाणाची पिसे एकदम गाळत नाही. ती क्रमाक्रमाने बदलतात, त्यामुळे उडणे थांबत नाही.

आणखी एक गोष्ट मुलांना दाखवण्यासारखी आहे. अनेक पक्ष्यांच्या पंखांची टोके काळसर असतात. त्या काळेपणाला कारण असलेले मेलॅनिन पिसाला कणखरही करते, म्हणून घासले जाणारे टोक लवकर झिजत नाही. म्हणजे पिसाचा रंग केवळ दिसण्यापुरता नाही. तो पिसाच्या मजबुतीचा भाग आहे.

कर्नाळ्याहून फार दूर नसलेल्या उलवे परिसरात नवी मुंबईचा विमानतळ झाला आणि २०२५ च्या अखेरीस तेथे विमानांची ये-जा सुरू झाली. त्यामुळे या भागातील मुलांना आता पक्षी आणि विमान दोन्ही एकाच आकाशात पाहायला मिळतात. विमानालाही कात टाकावी लागते, पण ते काम माणसांना करावे लागते. जुन्या लहान विमानाला नवा रंग देणे म्हणजे घराला दिवाळीपूर्वी रंग काढणे नव्हे. विमानाचा रंग हा विमानाचा एक अवयव आहे. त्या रंगाच्या प्रत्येक थरामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासात काही माणसांच्या प्राणांचीही किंमत मोजली गेली आहे. या लेखात आपण तो थराथराने पाहू.

मलमल आणि खळ

१७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे विमान उडाले तेव्हा त्याच्या पंखांवर साधी, न रंगवलेली मलमल ताणून बसवलेली होती. तिच्यावर कसलाही लेप नव्हता. काही सेकंदांच्या उड्डाणांना तेवढे पुरले. पुढे विमाने तासन्‌तास उडू लागली, पावसात भिजू लागली, तेव्हा कापडाचे दोष दिसले. ओल आली की कापड सैल पडे. पंखाला वर उचलणारे बल त्याच्या विशिष्ट वक्र आकारामुळे मिळते. कापड सैल पडून फडफडू लागले की तो आकारच बिघडतो. शिवाय विणीच्या छिद्रांतून हवा आरपार जाते.

यावर उपाय कोणता? आपल्या घरात धोतराला, साडीला खळ घालण्याची पद्धत होती. खळ वाळली की कापड ताठ होते. आरंभीच्या विमानकर्त्यांनीही पिष्ठ, सरस असले पदार्थ वापरून पाहिले. पण ते पाण्यात विरघळतात. अखेर उत्तर सापडले ते सेल्युलोजपासून केलेल्या लेपात. कारखान्यात त्याला 'डोप' म्हणतात. कापसावर नायट्रिक आम्लाची क्रिया करून सेल्युलोज नायट्रेट मिळते. ते योग्य द्रावकात विरघळवून कापडावर कुंचल्याने लावायचे. द्रावक उडून जातो, मागे राहिलेला पातळ पापुद्रा आक्रसतो आणि आक्रसताना धाग्यांना आपल्याबरोबर ओढतो. कापड तबल्याच्या पुडीसारखे ताणले जाते, वाजवले तर घुमते. पाणी आणि हवा दोन्ही अडतात.

सेल्युलोज नायट्रेट मोठे ज्वालाग्राही असते. त्या काळची चित्रपटाची फीतही याच पदार्थाची असे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) याच जातीच्या फितीवर उतरला. युद्धाच्या विमानावर असा जळाऊ लेप देणे धोक्याचे होते. म्हणून सेल्युलोज ॲसिटेटचा लेप पुढे आला. तो इतका सहज पेटत नाही. मात्र तो विरघळवायला वेगळा द्रावक लागतो, आणि तेथेच एक शोकांतिका सुरू झाली.

कावीळ झालेले कामगार

ॲसिटेट विरघळवण्यासाठी टेट्राक्लोरोइथेन हा द्रावक उत्तम ठरला. तो पेटत नाही, लेप गुळगुळीत बसतो. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि जर्मनीत व ब्रिटनमध्ये विमानांचे कारखाने रात्रंदिवस चालू लागले. पंखांना डोप लावण्याच्या कामावर ब्रिटनमध्ये मोठ्या संख्येने स्त्रिया होत्या. लेप नीट वाळावा म्हणून खोल्या उबदार आणि बंद ठेवल्या जात. त्या खोल्यांत द्रावकाची जड वाफ साचून राही.

कामगारांना मळमळू लागले, भूक मंदावली, डोळे पिवळे झाले. टेट्राक्लोरोइथेनने त्यांच्या यकृताचा नाश चालवला होता. काहींचा मृत्यू झाला. डॉक्टरांनी शवविच्छेदन केले, कारखाना निरीक्षकांनी खोल्या तपासल्या आणि दोष द्रावकाचा असल्याचे ठरले. 'विषजन्य कावीळ' या रोगाची सरकारला सूचना देणे ब्रिटनमध्ये बंधनकारक झाले. जमिनीलगत शोषक पंखे बसवले गेले, कारण ही वाफ हवेपेक्षा जड असते आणि खाली साचते. युद्ध संपण्यापूर्वीच तेथे हा द्रावक वापरातून गेला आणि दुसरे द्रावक आले. विमाने पूर्वीसारखीच उडत राहिली. म्हणजे ज्या द्रावकावाचून चालणार नाही असे वाटत होते, त्याच्यावाचून चालले.

या प्रकरणाची एक खूण आपल्यापर्यंत आली आहे. भारताच्या १९४८ च्या कारखाने कायद्यात, ज्या रोगांची सूचना देणे आवश्यक आहे त्यांची एक यादी जोडलेली होती. तिच्यात शिशाच्या विषबाधेबरोबर विषजन्य काविळीचेही नाव होते. यादीतल्या अशा एका ओळीमागे दूरच्या कारखान्यांतल्या पिवळ्या पडलेल्या डोळ्यांचा इतिहास असू शकतो, हे नागरिकशास्त्राच्या तासाला सांगण्यासारखे आहे.

उन्हाशी सामना

डोपने कापड ताणले गेले, पण उन्हाचे काय? पारदर्शक लेपातून सूर्याचे अतिनील किरण आत शिरतात आणि कापडातील सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडतात. वरून धडधाकट दिसणारे कापड आतून कुजके होते. फार्नबरो येथील ब्रिटिश सरकारी विमान कारखान्यात यावर संशोधन झाले. लेपांचा आणि कापडांचा अभ्यास करणाऱ्या तेथील मंडळींत फ्रान्सिस ॲस्टन हे तरुण शास्त्रज्ञ होते. युद्धानंतर ते केंब्रिजला परतले, त्यांनी वस्तुमान वर्णपटलेखक तयार केला आणि समस्थानिकांवरील कामासाठी १९२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवले. अणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या या माणसाने काही वर्षे विमानाच्या रोगणावर घालवली होती.

फार्नबरोच्या संशोधनातून 'पीसी १०' हा लेप आला. त्यात लोहाच्या ऑक्साइडची पिवळी माती आणि काजळी मिसळलेली होती. महायुद्धातल्या ब्रिटिश विमानांचा तो मातकट हिरवा-तपकिरी रंग केवळ लपण्यासाठी होता असे आपण समजतो. पण त्याचे मोठे काम ऊन अडवण्याचे होते. उष्ण प्रदेशांत जाणाऱ्या विमानांसाठी 'पीसी १२' हा तांबूस, चॉकलेटी लेप निघाला. पुढे ॲल्युमिनियमची भुकटी मिसळलेला रुपेरी लेप रूढ झाला. तिचे चपटे कण लेपात कौलांसारखे एकमेकांवर बसतात आणि प्रकाश परतवतात. जुन्या छायाचित्रांत लहान विमाने रुपेरी दिसतात, त्याचे कारण हे आहे. वर लाल, निळा, पिवळा कोणताही रंग असो, त्याखाली रुपेरी थर हवाच.

जुहूचे मॉथ, घाटगे यांचे पुष्पक

आता आपल्याकडे येऊ. १९२८ मध्ये जुहूला विमानतळ झाला आणि त्याच वर्षी बॉम्बे फ्लाइंग क्लब निघाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा पस मॉथ जातीच्या लहान विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले. पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर आणि लाकडी पंखांवर डोप दिलेले कापड, अशी त्या विमानाची घडण. पावसाळ्यात जुहूला इतका चिखल होई की ही टपालसेवा पुण्याला न्यावी लागे. समुद्राचा खारा वारा, चार महिने ओल आणि आठ महिने ऊन, हे कोकणातले हवामान कापडी विमानाची कठोर परीक्षा घेई.

पन्नास वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी टाटांनी तेच उड्डाण पुन्हा केले. या वेळी विमान होते लेपर्ड मॉथ. ही जात १९३३ मधली, लाकडाची आणि कापडाची. हा प्रसंग सांगताना टाटांच्या वयाचे कौतुक होते, पण विमानाच्या वयाचा विचार फारसा कोणी करत नाही. सुती किंवा तागाचे कापड उघड्यावर काही वर्षांतच दुबळे होते. तेव्हा असे विमान पन्नास वर्षांनी उडते याचा अर्थ एवढाच की मधल्या काळात त्याची कात पुनःपुन्हा बदलली गेली आहे. पायलटचे नाव इतिहासात राहते. कापड शिवणारे, डोप लावणारे आणि घासणारे कारागीर मात्र त्या विमानाच्या नोंदवहीतच राहतात.

स्वतंत्र भारताच्या फ्लाइंग क्लबांतील पुष्पक हे विमानही असेच कापडी होते. त्याचे अभिकल्पक डॉ. विष्णू माधव घाटगे (१९०८-१९९१) कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू गावचे. जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी वायुगतिकीचे शिक्षण घेतले. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली १९५१ मध्ये एचटी-२ हे धातूचे शिकाऊ विमान उडाले आणि सप्टेंबर १९५८ मध्ये पुष्पक. ९० अश्वशक्तीचे इंजिन, दोन आसने, रिकामे वजन सुमारे ४०० किलो. अशी सुमारे १६० विमाने बांधली गेली आणि अनेक भारतीय वैमानिक त्यांवर शिकले. क्लबांना परवडणारे आणि दुरुस्त करायला सोपे असे हे विमान होते. कापड बदलणे ही त्याच्या आयुष्यातली नेहमीची गोष्ट होती.

जुना थर उतरवल्यावर

जुन्या रंगावरच नवा रंग का देत नाहीत? पहिले कारण तपासणीचे. नव्या रंगाखाली कुजलेले कापड झाकले जाते. म्हणून आधी कापडाची ताकद पाहतात. विमानासाठीचे नवे सुती कापड एक इंच रुंदीच्या पट्टीवर किमान ८० पौंड, म्हणजे सुमारे ३६ किलो, ओढ सोसते. ती ५६ पौंडांच्या, म्हणजे साधारण २५ किलोंच्या, खाली गेली की कापड बाद. म्हणजे ३० टक्के ताकद गेली की ते काढून टाकायचे. फाटेपर्यंत वाट पाहायची नाही.

कापड उतरवले की सांगाडा उघडा पडतो, आणि पुष्कळदा खरे काम तेथेच सुरू होते. नळ्यांच्या तळाशी साचलेल्या पाण्याने आलेला गंज, सुटलेला सरस, लाकडाला लागलेली बुरशी, कुंभारमाशीने बांधलेली मातीची घरे, उंदरांनी कुरतडलेल्या दोऱ्या, हे सारे आता दिसते. रंग द्यायला आणलेले विमान दुरुस्तीसाठी काही महिने अडकून पडते, ते यामुळे. मालकाला हा खर्च अनपेक्षित वाटतो, पण हाच त्याचा सर्वांत मोठा लाभ असतो.

धातूच्या विमानाची तऱ्हा निराळी. १९०६ च्या सुमारास आल्फ्रेड विल्म यांना ड्युरॅल्युमिनचा गुण सापडला. ॲल्युमिनियममध्ये थोडे तांबे मिसळून ते तापवून एकदम थंड केले की काही दिवसांत ते आपोआप कठीण होते. पण तांब्यामुळे हा मिश्रधातू खाऱ्या हवेत लवकर क्षरतो. म्हणून १९२७ पासून त्याच्या पत्र्यावर दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवू लागले. जुना रंग काढताना घाईने सँडपेपर चालवला किंवा लोखंडी पट्टीने खरवडले तर हा रक्षक थरच निघून जातो, आणि पडलेला चरा पुढे तडा जाण्याचे बी ठरू शकतो. कोकणाच्या दमट, खाऱ्या हवेत अशी चूक लवकर उघडी पडते. रंगाखाली दोऱ्यासारख्या वेड्यावाकड्या रेषा सरकत जातात. ते क्षरणच असते.

वजन आणि तोल

दुसरे कारण वजनाचे. येथे आपण एक साधे गणित करू. लहान विमानाच्या पंखांचे क्षेत्रफळ १६ चौरस मीटर धरले, तर वरची आणि खालची बाजू मिळून ३२ चौरस मीटर होतात. त्यावर एक दशांश मिलिमीटर जाडीचा थर दिला तर रंगाचे आकारमान ३.२ लिटर भरते. घनता पाण्याच्या सव्वापट धरली तर वजन ४ किलो. जुना रंग न उतरवता तीनदा रंग दिला, तर फक्त पंखांवर १२ किलो चढतात. एवढ्या वजनाचे पेट्रोल सुमारे १६ लिटर होते, म्हणजे अशा विमानाचे जवळजवळ पाऊण तासाचे उड्डाण. म्हणूनच रंगकामानंतर विमान पुन्हा तोलतात, त्याचा गुरुत्वमध्य काढतात आणि नोंदवहीत लिहितात.

याहून नाजूक प्रश्न शेपटीच्या आणि पंखांच्या हलत्या फळ्यांचा. त्या बिजागरीवर फिरतात. समजा बिजागरीच्या मागे २० सेंटिमीटर अंतरावर २०० ग्रॅम रंग जास्तीचा बसला. तरफेच्या नियमाने, बिजागरीच्या पुढे ५ सेंटिमीटरवर तो तोलायला ८०० ग्रॅम वजन लागेल. ते दिले नाही तर वेगात जाताना फळी थरथरू लागते. ही थरथर वाऱ्यातूनच ऊर्जा घेते, वाढत जाते आणि काही क्षणांत पंख किंवा शेपटी तोडू शकते. टाटांनी चालवलेल्या पस मॉथ जातीची अनेक विमाने जगभर १९३० च्या सुमारास हवेत मोडून पडली. चौकशीत अशा कंपनांकडे बोट दाखवले गेले आणि विमानांत सुधारणा करण्यात आल्या. तेव्हा चार कुंचले रंग जास्त देणे हा सढळपणा नसून धोका आहे, हे विमानाच्या रंगाऱ्याला माहीत असावे लागते.

अक्षरे आणि भोके

रंग झाला की नोंदणीची अक्षरे येतात. भारतीय विमानावर 'व्हीटी' का असते? 'व्हाइसरॉयचा मुलूख' असा त्याचा अर्थ सांगतात, पण तो लोकांनी मागाहून बसवलेला आहे. १९२७ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय रेडिओ परिषदेत देशांना बिनतारी संदेशांसाठी अक्षरगट वाटले गेले. ब्रिटिश साम्राज्यातील अनेक देशांना 'व्ही'ने सुरू होणारे गट मिळाले, त्यांतला 'व्हीटी' भारताच्या वाट्याला आला. विमानाचे नाव त्याच्या पाठीवर दूरून वाचता यावे म्हणून अक्षरांची उंची आणि रंगातला फरक नियमाने ठरलेला असतो.

अखेरचे काम सोपे वाटते, पण तेच जिवावर बेतू शकते. रंगवताना किंवा धुताना विमानाची काही भोके चिकटपट्टीने झाकतात. त्यांतली काही भोके बाहेरच्या हवेचा दाब घेऊन उंची आणि वेग सांगणाऱ्या उपकरणांना पुरवतात. २ ऑक्टोबर १९९६ रोजी पेरू देशातील लिमाहून निघालेल्या एका मोठ्या जेट विमानाची ही भोके धुण्या-पुसण्याच्या वेळी लावलेल्या पट्टीने तशीच बंद राहिली होती. रात्रीच्या अंधारात वैमानिकांना खरी उंची कळेना, आणि विमान समुद्रात कोसळून ७० माणसे गेली. एका पट्टीची ती किंमत. पंखाखालची पाणी निथळण्याची बारीक भोके नव्या रंगाने बुजली तर धोका सावकाश येतो, पण येतो.

आजचा रंग, आजचे विष

आज सुती कापडाच्या जागी बहुतेक ठिकाणी पॉलिएस्टर आले आहे. ते डोपने ताणावे लागत नाही. मोजक्या तापमानाची इस्त्री फिरवली की ते आक्रसते. ते अधिक टिकते, पण उन्हापासून वाचवणारा थर त्यालाही लागतो. वरचा रंग आता बहुधा पॉलियुरेथेनचा असतो, चकचकीत आणि कणखर.

पण प्रश्न मिटलेला नाही. पॉलियुरेथेनच्या घडणीतील आयसोसायनेट फवारताना श्वासात गेले तर दमा जडू शकतो. धातूवरच्या पिवळसर-हिरव्या अस्तरात क्रोमेट असते. चरा पडला तर ओलाव्याबरोबर ते तेथे पोहोचून क्षरण रोखते, म्हणून ते फार उपयोगी. मात्र हेच सहा संयुजेचे क्रोमियम कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये निःसंदिग्धपणे नोंदवले. रंग उतरवायला वापरला जाणारा मिथिलीन क्लोराइड बंद जागेत जीव घेऊ शकतो. अमेरिकेने २०२४ मध्ये त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी आणली, मात्र विमानांच्या काही कामांसाठी कडक अटींवर सवलत ठेवली. शंभर वर्षांपूर्वीचा टेट्राक्लोरोइथेनचा धडा अजून संपलेला नाही. विमानाला वाचवणारा थर माणसालाही वाचवील, असे आपोआप होत नाही. त्यासाठी वैद्यक, रसायनशास्त्र आणि कायदा यांना एकत्र यावे लागते.

पनवेल, तळोजा, रसायनी या पट्ट्यात रसायनांचे कारखाने आहेत. आपल्या वर्गातील कितीतरी मुलांचे पालक तेथे किंवा मोटारींना रंग फवारणाऱ्या गॅरेजमध्ये काम करतात. वर्गात हा इतिहास सांगितला तर एखादे मूल घरी जाऊन विचारील, "बाबा, तुमच्या खोलीत हवा कुठून येते? वाफ कुठे जाते? मुखवटा घालता का?" विज्ञान शिकवल्याचे याहून चांगले फळ आम्हांला सुचत नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

भरतकामाच्या दोन सारख्या कड्या घ्या आणि दोन्हींवर मलमल एकसारखी बसवा. एकीवर भाताच्या पेजेची खळ लावा, दुसरी तशीच ठेवा. वाळल्यावर बोटाने वाजवून आवाजातला फरक ऐका. दोन्हींतून फुंकर मारून पाहा. मग दोन्हींवर पाणी शिंपडा आणि खळीचे काय होते ते बघा. सेल्युलोजच्या लेपाची गरज का पडली हे न सांगता कळेल. त्याच कापडाच्या आणखी दोन सारख्या पट्ट्या घेऊन एक उन्हात आणि एक कपाटात वर्षभर ठेवा. मग दोन्हींना टोकाला वजने लटकवून कोणती कधी तुटते याची नोंद करा. विमानाचा खरा डोप मात्र वर्गात आणू नये. त्याची वाफ विषारी असते आणि तो पेट घेतो.